तार आधी सैल करावी लागते



गावाकडे वर्षावास म्हटला की पाऊस, चिखल, छत्री झटकत विहारात शिरणारी माणसे आणि संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आठवते. इथे कतारमध्ये पावसाचा थेंब नाही. आपला वर्षावास ऐन उन्हाळ्यात येतो. १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम या देशात आहे, यावरून ऊन किती असते ते कळावे. भिक्खू पावसात एका जागी थांबत, आपण उन्हामुळे घरात थांबतो. थांबण्याचे कारण वेगळे असले तरी थांबल्यावर स्वतःकडे पाहायचे, हे काम एकच आहे.

या प्रवचनाचा विषय एका साध्या प्रश्नातून निघाला. आपल्यातल्या एका कुटुंबाकडे गावाहून आजोबांचा जुना तंबोरा आला. आजोबा तरुणपणी भजनाला बसत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी त्याच तंबोऱ्यावर बुद्ध-भीमगीते म्हटली. आता त्याच्या भोपळ्याला बारीक चीर आहे, एक तार तुटली आहे, दोन खुंट्या फिरत नाहीत. मुलगा म्हणाला, "भिंतीवर लावू, हॉलला शोभेल." आई म्हणाली, "शोभेला काय करायचंय? वाजता करा." हा प्रश्न पौर्णिमेच्या बैठकीत निघाला, थोडे हसणे झाले आणि विषय मागे पडला. पण तो प्रश्न जितका तंबोऱ्याचा आहे, तितकाच आपल्या धम्माचा आहे. आजोबांकडून मिळालेली गोष्ट भिंतीवर लावायची की वाजती करायची? आणि वाजती करायची तर कशी?

सोणाची वीणा

तथागतांनी तारेचा दाखला एका भिक्खूला दिला होता. ही कथा अंगुत्तर निकायातील सोण सुत्तात आणि विनयपिटकाच्या महावग्गातही येते.

सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत घरचा मुलगा. इतका लाडात वाढलेला, की त्याच्या तळपायांवर केस होते असे ग्रंथ सांगतो. पाय कधी जमिनीला घासलेच नव्हते. त्याने प्रव्रज्या घेतली आणि राजगृहाजवळच्या सीतवनात साधना सुरू केली. त्याने चंक्रमण असे केले, की तळपाय फुटले आणि येण्याजाण्याची वाट रक्ताने भरली. इतके करूनही मन मोकळे होईना. तेव्हा त्याच्या मनात विचार आला : तथागतांचे जे शिष्य नेटाने प्रयत्न करतात, त्यांतला मी एक आहे. तरी आसव सुटत नाहीत. घरी धन आहे. परत जावे, संसार करावा, दान द्यावे, पुण्य करावे.

हा विचार आळशी माणसाचा नाही, हे नीट ध्यानात घ्या. सर्वांत जास्त कष्ट करणारा माणूस सोडून देण्याच्या काठावर उभा आहे.

गृध्रकूटावर असलेल्या तथागतांनी त्याचे मन जाणले आणि ते त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला दोष दिला नाही, आणखी जोर लाव असेही म्हटले नाही. त्यांनी त्याच्या जुन्या आयुष्यातली गोष्ट विचारली. घरी असताना तू वीणा चांगली वाजवायचास ना? होय, भन्ते. तारा फार ताणलेल्या असत तेव्हा ती सुरात वाजे का? नाही, भन्ते. फार सैल असत तेव्हा? तेव्हाही नाही. आणि तारा ना ताणलेल्या ना सैल, योग्य जागी लावलेल्या असत तेव्हा? तेव्हा वाजे, भन्ते. मग तथागत म्हणाले, की वीर्याचेही असेच आहे. अति ताणले तर मन सैरभैर होते, अति सैल सोडले तर आळस येतो. म्हणून वीर्यात समता ठेव, इंद्रियांची समता जाणून घे.

किती साधे उत्तर आहे! सोणाला नवे काहीच सांगितले नाही. त्याच्या बोटांना जे आधीपासून माहीत होते, तेच त्याच्या मनाला दाखवले.

इथे एक गैरसमज दूर करू. त्या काळची वीणा म्हणजे आज आपण चित्रात पाहतो ती पडदे लावलेली वीणा नव्हे. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांत दिसते ती वीणा धनुष्यासारखी वाकलेली आहे. खाली होडीसारखे पोकळ खोड, त्यावर मढवलेले चामडे आणि वाकलेल्या दांडीला बांधलेल्या तारा. अशा वाद्यात प्रत्येक तार एकच स्वर देते. ती चुकीच्या ताणावर असेल, तर वाजवणाऱ्याला बोटाने तो स्वर सावरून घेता येत नाही. म्हणजे ताण हेच त्या वीणेचे सर्वस्व. सोणाला तथागतांचे बोलणे चटकन का समजले, ते यावरून कळते.

कारागीर पहिल्यांदा काय करतो

आता तंबोऱ्याकडे येऊ. महाराष्ट्रात तंबोरा म्हटले की मिरज. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून तिथे सतारमेकर झाले. शस्त्रांची मागणी कमी होत गेली आणि १९ व्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. ज्या हातांत तलवारी होत्या त्या हातांत तारा आल्या. धम्माच्या माणसाला ही गोष्ट सांगताना आनंदच होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

जुना तंबोरा कारागिराकडे नेला, तर तो आधी काय करतो? आपल्याला वाटते, तुटलेली तार बदलेल आणि बाकीच्या ताणेल. तो उलटे करतो. आधी सगळ्या तारा सैल करतो. ताण उतरल्याशिवाय चीर किती खोल आहे, तबली कुठे दबली आहे, दांडीचा जोड हलला आहे का, हे नीट पाहता येत नाही. ताणाखाली असलेले लाकूड आपले दुखणे लपवते. माणसाचेही तसेच नाही का?

मग तो चीर साफ करतो, आतून आधार देऊन चिकटवतो आणि वाळू देतो. त्यात घाई केली तर जोड उघडतो. अडकलेल्या खुंट्या काढून साफ करतो. जी खुंटी घसरते तिला खडू लावतो, जी अडकते ती घासून मोकळी करतो. एकाच तंबोऱ्यात एक खुंटी घसरणारी आणि एक अडकणारी असू शकते. दोघींना एकच औषध चालत नाही.

नव्या तारा चढवल्यावरही तो एकाच दिवसात पूर्ण सुराला जात नाही. थोडे चढवतो, थांबतो, दुसऱ्या दिवशी पाहतो. तार ताणली जाऊन उतरलेली असते, लाकूडही बसत असते. पुन्हा थोडे चढवतो. वीस वर्षे मुके असलेले वाद्य एका झटक्यात सुराला आणू पाहाल, तर जिथे कमजोर आहे तिथे ते फुटेल.

सोणाने नेमके हेच केले होते. ज्या पायांनी कधी जमीन पाहिली नव्हती, त्या पायांना त्याने एकदम पूर्ण ताणावर चढवले.

आपल्यातही सोण आहेत. वर्षभर वंदना नाही, वाचन नाही, आणि मग १४ ऑक्टोबर जवळ आला की ठरवतात : उद्यापासून पहाटे चारला उठणार, दोन तास ध्यान, मांसाहार बंद, मोबाईल बंद, मुलांकडून सगळे पाली पाठांतर. आठ दिवसांत तार तुटते. मग मन म्हणते, आपल्याला हे जमणारे नाही. मला अशा माणसांना सांगायचे आहे, की तुम्ही धम्माला अयोग्य नाही. तुमची तार घाईने चढवली गेली. आज पंधरा मिनिटे आनापान करा आणि पुढच्या आठवड्यातही पंधराच मिनिटे करा. लाकूड बसू द्या.

जवारी

तंबोऱ्याच्या दुरुस्तीतले सर्वांत नाजूक काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उताराला हळूच स्पर्श करत थरथरते, त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा असतो. हा धागा केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज एकदम खुलतो किंवा बसतो. धागा कुठे थांबवायचा हे मोजपट्टी सांगत नाही, कान सांगतो.

वर्षानुवर्षे वाजवल्यावर तारा स्वतःच घोडीवर चरे पाडतात. मग त्या चऱ्यांत अडकतात आणि आवाज मरतो. यालाच धम्माच्या भाषेत संस्कार म्हणता येईल. एकच विचार, एकच राग, एकच तक्रार रोज त्याच जागेवरून गेली की मनात चरा पडतो आणि मग मन त्या चऱ्याबाहेर वाजतच नाही. कारागीर कानशीने चरे घासून काढतो. पण तो जपून घासतो. कमी घासले तर चरा राहतो, जास्त घासले तर घोडीच वाया जाते. स्वतःचे दोष पाहतानाही असेच हवे. न पाहणे ही एक टोकाची गोष्ट आणि स्वतःला खरवडत बसणे ही दुसरी.

एक तार सुरात असून भागत नाही

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. प्रत्येक तार वेगळी लावतात, पण कान सतत दुसऱ्या तारांकडे असतो. जोडीच्या दोन तारांत किंचित फरक असला तरी आवाज लाटेसारखा हलतो आणि तो खटकतो. खुंटीने जवळ आणायचे आणि मग तारेत ओवलेला मणी सरकवून शेवटचा बारीक फरक काढायचा.

तथागतांनी सोणाला इंद्रियांची समता जाणून घे असे म्हटले, ते यासाठी. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा ही ती पाच इंद्रिये. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात त्यांच्या जोड्या लावून दाखवल्या आहेत. श्रद्धा आणि प्रज्ञा एकमेकींशी जुळवायच्या. प्रज्ञेवाचून श्रद्धा वाढली तर माणूस कशावरही विश्वास ठेवतो. श्रद्धेवाचून नुसती हुशारी वाढली तर तो वाद घालण्यात चतुर होतो. वीर्य आणि समाधी एकमेकांशी जुळवायचे. वीर्य वाढले तर बेचैनी, समाधी वाढून वीर्य घटले तर सुस्ती. आणि स्मृती मात्र सगळीकडे हवी, जसे मीठ सगळ्या कालवणांत लागते.

आपल्या मंडळींत पहा. कुणाची प्रज्ञेची तार फार चढलेली असते. प्रत्येक बैठकीत वाद, प्रत्येक शब्दावर आक्षेप, पण आजारी शेजाऱ्याच्या घरी एक डबा जात नाही. कुणाची श्रद्धेची तार चढलेली असते. मूर्तीपुढे फुले रोज, पण बाबासाहेबांनी सांगितलेले वाचन आणि चिकित्सा कुठे आहे? आपली कोणती तार चढली आहे हे प्रत्येकाने आपापल्या कानाने ऐकायचे आहे. दुसऱ्याच्या तंबोऱ्याची खुंटी पिळायला जाऊ नये.

बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती आणि राज्यघटना, ग्रंथलेखन, आजारपण हे सगळे असतानाही उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, ही गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. ती सांगायला हवी. व्हायोलिनला पडदे नसतात. आपल्या इथल्या अरबी ऊदलाही नसतात. कटारामधील कतार म्युझिक अकॅडमीत २०११ पासून मुले अरबी आणि पाश्चात्त्य संगीत शिकतात, त्यांतली काही ऊद शिकतात. बिनपडद्याच्या वाद्यावर बोट कुठे ठेवायचे हे कोणी आखून देत नाही. चुकायचे, ऐकायचे, सरकवायचे. इतका मोठा माणूस उतारवयात शिकाऊ होऊन बसला, यात आपल्या सगळ्यांसाठी धीर आहे.

राजाने फोडलेली वीणा

संयुत्त निकायात वीणेची आणखी एक कथा येते. एका राजाने वीणा कधी ऐकली नव्हती. त्याच्या कानावर ते मोहक सूर पडले. हा कशाचा आवाज, त्याने विचारले. लोक म्हणाले, वीणेचा. वीणा आणली. राजा म्हणाला, मला ही वीणा नको, तो आवाज आणा. लोकांनी समजावले, की महाराज, ही वीणा अनेक गोष्टींनी बनते. खोड आहे, चामडे आहे, दांडी आहे, तारा आहेत, छेडायची नखी आहे आणि माणसाचा त्याला साजेसा प्रयत्न आहे. या सगळ्यांमुळे ती वाजते. राजाला पटले नाही. त्याने वीणेचे तुकडे केले, तुकड्यांचे आणखी तुकडे केले, जाळले, राख वाऱ्यावर उडवली. आवाज सापडला नाही. तथागत म्हणतात, त्याप्रमाणे भिक्खू रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान तपासतो आणि त्यांत 'मी', 'माझे' असे काही त्याला सापडत नाही.

ही कथा अनात्माची आहे. पण आपण ज्या समाजातून आलो, त्या समाजाने ही कथा वेगळ्याही अर्थाने जगून दाखवली आहे. आवाज हवा, पण वाद्य घडवणारे हात नकोत. ढोलकी, हलगी, डिमडी यांना चामडे मढवणारे हात गावकुसाबाहेर ठेवले. त्यांनी मढवलेल्या वाद्याचा आवाज मात्र देवळाच्या दारात चालला. सुत्त चामड्याचे नाव तारांच्या आणि दांडीच्या बरोबरीने घेते. तिथे कुठलाही भाग हलका नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी तेच हात पुढे आणले. ज्यांना वाजवायला बोलावत आणि मग बाहेर बसवत, ते स्वतःचे गाणे घेऊन मधोमध उभे राहिले.

आता त्या घरातला तंबोरा पुन्हा पहा. त्याचा भोपळा भीमाकाठच्या, पंढरपूरकडच्या शेतात वाढलेला असतो. भोपळे वाळवून मिरजेला जातात. लाकूड जंगलातून येते, तारा कारखान्यातून येतात. घडवणारा हात मुसलमान कारागिराचा, गाणारा आवाज बौद्ध आजोबांचा, आणि तो आज अरब देशातल्या एका फ्लॅटमध्ये उभा आहे. यातला कुठला भाग एकट्याने तंबोरा आहे? एकही नाही. प्रतीत्यसमुत्पाद समजायला याहून सोपा दाखला घरात मिळणार नाही. दुरुस्तीत तारा बदलतील, धागा बदलेल, कदाचित घोडीही बदलेल. मग तो आजोबांचाच तंबोरा राहील का, असे कोणी विचारील. त्याला सांगावे, की आजोबा ज्या तारांवर गायले त्या तारा त्यांनी स्वतःही कितीदा बदलल्या असतील. टिकून राहते ते बदलत चालवलेले काम.

आणि सुत्तातला शेवटचा भाग विसरू नका : माणसाचा साजेसा प्रयत्न. भिंतीवर लटकलेल्या तंबोऱ्यात बाकी सगळे असते, एवढेच नसते. म्हणून तो मुका असतो. आपल्या घरातही बुद्धमूर्ती असते, बाबासाहेबांचा फोटो असतो, कपाटात ग्रंथ असतात. वाजवणारा कुठे आहे, हे पाहावे.

सोणाच्या चपला

सोणाच्या कथेचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. पाय फुटलेले पाहून तथागतांनी सोणाला एकपदरी चपला वापरायची मुभा दिली. सोण म्हणाला, भन्ते, मी ऐंशी गाड्या सोने आणि हत्तींचा कळप सोडून आलो. आता चपलांसाठी मला वेगळी सवलत मिळाली, तर लोक म्हणतील, इतके सोडून आला आणि चपलेत अडकला. तथागतांनी सगळ्या भिक्खुसंघाला परवानगी दिली तर मीही वापरेन. आणि तथागतांनी ती सर्व संघाला दिली.

हा भाग कतारमध्ये वाचताना वेगळा लागतो. आपल्यातले काही जण एसी ऑफिसातून एसी गाडीत आणि तिथून एसी घरात जातात. काही जण मजुरांच्या वसाहतीत एका खोलीत अनेकांबरोबर राहतात, बाराबारा तास सिक्युरिटीच्या खुर्चीवर किंवा बांधकामावर असतात. शुक्रवारी सकाळची वंदना ज्यांना सोयीची आहे, तेच ती वेळ ठरवतात. ज्यांची शुक्रवारीही ड्युटी असते, ते फोनवर फोटो पाहतात. सोणाने विचारलेला प्रश्न आपणही विचारू या : जी सोय मला आहे, ती संघातल्या सगळ्यांना आहे का? महिन्यातून एक वंदना रात्री नऊनंतर, त्यांच्या वसाहतीजवळच्या कुणाच्या घरी घ्यावी, असे मी सुचवतो. तंबोऱ्याची खर्जाची तार सर्वांत खाली वाजते. ती बेसूर राहिली तर वरच्या तिन्ही तारा कितीही चांगल्या लावा, तंबोरा लागत नाही.

आणि या बांधवांना एक शब्द. तुमच्यापैकी अनेकांची तार दुसऱ्यांनी ताणलेली आहे. कर्ज, घरचा खर्च, बहिणीचे लग्न, एजंटचे पैसे. तिथे मध्यम मार्गाचा उपदेश करून चालत नाही, मदत करावी लागते. तो ताण तुमच्या साधनेतला दोष नाही. झोप मिळत नसेल तर आधी झोपा. पंचशील पाळणे आणि दिवसातून दहा श्वास जाणून घेणे, एवढे पुरेसे आहे. घरी पैसे पाठवता आले नाहीत म्हणून रात्र रात्र जागणाऱ्याने बैठकीत ते सांगावे. तथागत सोणाकडे स्वतः चालत गेले होते. संघाने तुमच्याकडे चालत यायला हवे.

या पंधरवड्यासाठी

पुढील पौर्णिमेपर्यंत तीन गोष्टी करू या.

पहिली, रोज झोपण्यापूर्वी एक मिनिट स्वतःला विचारायचे : आज माझी तार ताणलेली होती की सैल? उत्तर लिहून ठेवायचे. ताणलेली असेल तर उद्या एक गोष्ट कमी करायची, सैल असेल तर एक गोष्ट वाढवायची. एकच.

दुसरी, इंद्रियांच्या जोडीपैकी जी तार खाली गेली आहे तिच्यासाठी काही करायचे. फार वाचणाऱ्याने कुणाची तरी सेवा करावी. फार धावपळ करणाऱ्याने अर्धा तास गप्प बसावे. ध्यानात सुस्तावणाऱ्याने उठून चंक्रमण करावे, मात्र चपला घालून.

तिसरी, घरात आजोबा-आजींची जी वस्तू मुकी पडली आहे, ती वाजती करायची. वाद्य असेल, गाण्यांची वही असेल, दीक्षेच्या दिवसाची आठवण असेल. मुलांना जवळ बसवून ती उघडायची. तंबोऱ्याच्या त्या कुटुंबाला माझे सांगणे, की इथे तारा सैल करून, कापडात गुंडाळून, एसीच्या थेट झोतापासून दूर ठेवा. सुट्टीत गावी जाल तेव्हा मिरजेला न्या. जवारी लावताना मुलाला कारागिराशेजारी बसू द्या. धागा केसभर सरकल्यावर आवाज कसा खुलतो, हे त्याने स्वतःच्या कानाने ऐकले, तर मध्यम मार्गावर त्याला वेगळे प्रवचन लागणार नाही.

सोणाचे पुढे काय झाले? तथागतांनी सांगितल्याप्रमाणे त्याने तार उतरवली, समतेत साधना केली आणि तो अर्हत झाला. पुढे तथागतांनी आपल्या शिष्यांत वीर्यारंभ करणाऱ्यांत अग्र म्हणून ज्याचे नाव घेतले, तो हाच सोण कोळिविस. ज्याला थोडे सैल कर म्हणून सांगावे लागले, तोच प्रयत्न करणाऱ्यांत पहिला ठरला. थकलेल्या कुणाही उपासकाने, उपासिकेने हे मनाशी धरावे.

सर्व प्राणिमात्र सुखी होवोत, सर्वांचे मंगल होवो.

साधु, साधु, साधु.

नमो बुद्धाय! जय भीम!